पारानाल वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ

पारानाल वेधशाळा ही दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या आताकामा वाळवंटात, सेरो पारानाल या डोंगराच्या माथ्यावर समुद्रसपाटीपासून २,६३५ मीटर उंचीवर वसलेली वेधशाळा आहे. 'युरोपीय दक्षिण वेधशाळा' (संक्षेपाने ईएसओ) ही आंतरसरकारी संस्था ती चालवते. संस्थेचे मुख्यालय जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्शिंग येथे आहे, तर तिच्या दुर्बिणी तेथून हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्या गोलार्धात आहेत. त्यामुळे येथे काम करणारे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ परदेशातून आलेले असतात. वर्षातील काही रात्री डोंगरावर इतरांसाठी निरीक्षणे घेणे आणि उरलेल्या काळात स्वतःचे संशोधन करणे असे त्यांच्या कामाचे दुहेरी स्वरूप असते. प्रस्तुत लेख मुख्यतः या कामाविषयी आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील मोठ्या दुर्बिणी प्रामुख्याने उत्तर गोलार्धात होत्या. आकाशगंगेचे केंद्र आणि मॅगेलनचे दोन्ही मेघ दक्षिण आकाशात असल्यामुळे युरोपातून त्यांचा अभ्यास एकतर अवघड होता किंवा अशक्यच होता. बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन या पाच देशांनी १९६२ मध्ये करार करून ईएसओची स्थापना केली. वेधशाळेसाठी आधी दक्षिण आफ्रिकेतील जागांची पाहणी झाली होती. मात्र चिलीतील हवा अधिक कोरडी व स्थिर असल्याचे आढळल्यावर १९६३ मध्ये चिलीची निवड करण्यात आली. संस्थेची पहिली वेधशाळा ला सिया येथे १९६९ मध्ये औपचारिकपणे सुरू झाली.

'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' (व्हीएलटी) या चार मोठ्या दुर्बिणींच्या प्रकल्पाला ईएसओच्या परिषदेने डिसेंबर १९८७ मध्ये मान्यता दिली. सपाट जागेसाठी १९९१ मध्ये पारानालच्या माथ्यावर सुरुंग लावून सुमारे २८ मीटर उंचीचा भाग उडवून देण्यात आला. चिली सरकारने दान केलेल्या या जमिनीवर पुढे एका चिली कुटुंबाने मालकी हक्क सांगितला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे प्रकरण चिलीच्या न्यायालयांत गेले आणि बांधकामाबाबत अनिश्चितता निर्माण झाली. त्याच सुमारास ईएसओ व चिली यांच्यात नवा पूरक करार झाला व १९९६ मध्ये तो संमत झाला. त्यानुसार चिलीतील संशोधन संस्थांना निरीक्षणवेळेचा राखीव वाटा मिळाला. व्हीएलटीच्या बाबतीत तो दहा टक्के आहे. वेधशाळेतील स्थानिक कामगारांना संघटनेचा व सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळण्याच्या दृष्टीनेही हा करार महत्त्वाचा ठरला. परदेशी संस्थेला राजनैतिक स्वरूपाच्या सवलती असताना यजमान देशातील कामगारांना कोणता कायदा लागू होतो, हा प्रश्न त्यापूर्वी वादाचा झाला होता.

पहिल्या दुर्बिणीने मे १९९८ मध्ये प्रथम प्रकाश टिपला. उरलेल्या तीन दुर्बिणी सप्टेंबर २००० पर्यंत सुरू झाल्या. मार्च १९९९ मधील उद्‌घाटनप्रसंगी या दुर्बिणींना चिलीतील आदिवासी मापुचे लोकांच्या भाषेतील नावे देण्यात आली: अँतू (सूर्य), कुयेन (चंद्र), मेलिपाल (दक्षिण चतुष्की अर्थात सदर्न क्रॉस) आणि येपून. यांपैकी 'येपून' या शब्दाचा अर्थ आधी 'व्याध' असा सांगितला गेला होता. पुढे भाषेच्या जाणकारांकडून खातरजमा केल्यावर तो सायंतारा, म्हणजे शुक्र असल्याचे स्पष्ट झाले. आकाशाच्या अभ्यासकांनी ताऱ्याच्या नावात केलेली ही चूक संस्थेने स्वतःच दुरुस्त केली.

स्थळ व हवामान

पारानाल हे अँतोफागास्ता शहराच्या दक्षिणेस सुमारे १२० किलोमीटरवर असून प्रशांत महासागराचा किनारा तेथून केवळ १२ किलोमीटर दूर आहे. समुद्रावरील थंड प्रवाहामुळे ढगांचा थर सहसा खालीच, किनाऱ्यालगत अडकून राहतो आणि डोंगरमाथा त्याच्या वर कोरड्या हवेत असतो. वर्षभरात पाऊस जवळजवळ पडत नाही व हवेतील आर्द्रता अनेकदा पंधरा टक्क्यांहून कमी असते. निरीक्षणास योग्य अशा रात्रींची संख्या वर्षाला तीनशेहून अधिक भरते.

खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने निरभ्र आकाशाइतकेच महत्त्व हवेच्या स्थिरतेला असते. वातावरणातील खळबळीमुळे ताऱ्याची प्रतिमा किती पसरट होते याचे माप 'सीइंग' या संज्ञेने सांगतात व ते विकलांमध्ये (अंशाचा ३,६०० वा भाग) मोजतात. पारानाल येथे ते सामान्यतः एका विकलेहून कमी असते. तरीही रात्रीच्या ओघात ते अर्ध्या विकलेपासून दीड-दोन विकलांपर्यंत बदलू शकते आणि निरीक्षकाचे बहुतेक निर्णय या एका आकड्याभोवती फिरतात.

हा प्रदेश भूकंपप्रवण आहे. वेधशाळेचे बांधकाम चालू असताना, जुलै १९९५ मध्ये अँतोफागास्ता परिसरात सुमारे ८ तीव्रतेचा भूकंप झाला, तर नोव्हेंबर २००७ मध्ये तोकोपिया येथे ७.७ तीव्रतेचा धक्का बसला. दुर्बिणींची रचना असे धक्के गृहीत धरूनच केलेली आहे.

उपकरणे

चारही मुख्य दुर्बिणींच्या प्राथमिक आरशांचा व्यास प्रत्येकी ८.२ मीटर आहे. आरशाची जाडी मात्र अवघी साडेसतरा सेंटिमीटर असते. एवढा पातळ आरसा स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून त्याच्या पाठीमागे बसवलेले १५० आधार संगणकाच्या आज्ञेने सतत कमी-अधिक जोर देऊन त्याचा आकार अचूक राखतात. या पद्धतीला सक्रिय प्रकाशिकी म्हणतात. ती ला सिया येथील १९८९ च्या 'न्यू टेक्नॉलॉजी टेलिस्कोप'वर आधी सिद्ध झाली होती.

वातावरणामुळे होणारी प्रतिमेची थरथर काढून टाकण्यासाठी वेगळी, कितीतरी अधिक जलद अशी अनुकूली प्रकाशिकी वापरतात. त्यासाठी लक्ष्याजवळ एखादा तेजस्वी संदर्भतारा लागतो. तो नसल्यास सुमारे ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमच्या थरावर लेसर किरण टाकून कृत्रिम तारा निर्माण केला जातो. येपून दुर्बिणीवर २०१६ पासून असे चार लेसर कार्यरत आहेत. एका दुर्बिणीचा लेसर दुसरीच्या दृष्टिक्षेत्रातून जाऊन तिची निरीक्षणे बिघडवू शकतो. त्यामुळे कोणी कोठे रोखले आहे यावर लक्ष ठेवणारी, रस्त्यावरील वाहतूक नियंत्रणासारखी एक व्यवस्था येथे आहे.

चार मुख्य दुर्बिणी किंवा १.८ मीटरच्या चार हलत्या सहायक दुर्बिणी यांचा प्रकाश भूमिगत बोगद्यांत एकत्र आणून व्यतिकरणमापनही केले जाते. याशिवाय 'व्हिस्टा' (४.१ मीटर) व 'व्हीएसटी' (२.६ मीटर) या सर्वेक्षण दुर्बिणी याच परिसरात आहेत.

निरीक्षणवेळेचे वाटप

दुर्बिणीवरील वेळ विकत मिळत नाही. तो वैज्ञानिक गुणवत्तेवर मिळवावा लागतो. दीर्घकाळ चाललेल्या पद्धतीनुसार एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालखंड मानून प्रत्येकासाठी जगभरातून प्रस्ताव मागवले जात. उपलब्ध वेळेच्या कित्येक पट मागणी येत असल्याने बहुसंख्य प्रस्ताव नाकारले जातात. परीक्षकांना प्रस्तावकाचे नाव कळू नये अशी व्यवस्था अलीकडे स्वीकारण्यात आली आहे. नामवंत संस्था व परिचित नावे यांकडे नकळत झुकणारा कौल टाळणे हा तिचा हेतू आहे. छोट्या प्रस्तावांचे परीक्षण स्वतः प्रस्तावकांनीच आपापसांत करण्याची पद्धतही सुरू झाली आहे. ज्याला वेळ हवा त्याने इतरांचे काही प्रस्ताव वाचून त्यांची क्रमवारी लावायची, असे तिचे स्वरूप आहे.

मंजूर प्रस्तावांची निरीक्षणे मुख्यतः दोन प्रकारे होतात. 'अभ्यागत पद्धती'त प्रस्तावक स्वतः डोंगरावर येऊन ठरलेल्या रात्री आपली निरीक्षणे घेतो. त्या रात्री ढग आले किंवा वारा सुटला, तर ती रात्र गेली ती गेलीच. तिची भरपाई सहसा होत नाही. 'सेवा पद्धती'त प्रस्तावक आपल्या कार्यालयातूनच सविस्तर सूचना तयार करून पाठवतो. कोणते लक्ष्य, कोणते उपकरण, किती वेळचे उद्‌भासन, सीइंग किती चालेल, चंद्र किती दूर असावा, आकाश किती स्वच्छ हवे, हे सारे त्यात नमूद असते. सूचनांच्या या संचाला 'निरीक्षण खंड' म्हणतात आणि एक खंड साधारणतः तासाभराचा असतो. मग जेव्हा योग्य परिस्थिती येईल तेव्हा वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ तो खंड राबवतात. पारानालवरील बहुतांश वेळ या दुसऱ्या पद्धतीने वापरला जातो.

सेवा पद्धतीतील कार्यक्रमांना अ, ब आणि क अशा श्रेणी दिलेल्या असतात. 'अ' श्रेणीचे अपुरे राहिलेले काम पुढील कालखंडात चालू ठेवता येते. 'ब' श्रेणीचे काम शक्य तितके पूर्ण केले जाते, पण कालखंड संपला की ते संपते. 'क' श्रेणीतील कार्यक्रम भरीचे असतात: आकाश खराब असताना, इतर काही करण्याजोगे नसताना त्यांची पाळी येते. त्यामुळे सामान्य आकाशातही जमू शकेल असा प्रश्न निवडण्याचे कौशल्य असलेल्या संशोधकांना 'क' श्रेणीतूनही उपयुक्त विदा मिळते. अतिसूक्ष्म तपशील मागणाऱ्या 'ब' श्रेणीच्या प्रस्तावाला मात्र मंजुरी मिळूनही हाती काहीच न लागण्याचा धोका असतो. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक कधीकधी प्रबंधाच्या एका संपूर्ण प्रकरणाएवढा असतो.

पदे व नेमणूक

वेधशाळेत निरीक्षणे घेणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. 'दुर्बीण व उपकरण चालक' दुर्बीण फिरवणे, संदर्भतारा पकडणे, घुमट व यंत्रणांची सुरक्षितता पाहणे ही कामे करतात. ते पूर्णवेळ याच कामासाठी नेमलेले असतात व अनेकदा सर्वाधिक अनुभवीही असतात. 'सहायक खगोलशास्त्रज्ञ' कोणते निरीक्षण कधी घ्यायचे हे ठरवतात आणि आलेल्या विदेची गुणवत्ता तपासतात. त्यांच्यापैकी काही कायम वा दीर्घ मुदतीच्या नोकरीत असतात, तर काही नुकतीच पीएच.डी. मिळवलेले अधिछात्र असतात.

चिलीतील अधिछात्रवृत्तीची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असून त्यानंतर चौथे वर्ष, बहुधा निरीक्षणकर्तव्याविना, चिलीतील किंवा एखाद्या सदस्य देशातील संस्थेत घालवता येते. पहिल्या तीन वर्षांत अधिछात्राला वर्षाकाठी सुमारे ८० रात्री वेधशाळेसाठी द्याव्या लागतात. संशोधनाचा हक्क असलेल्या नियमित खगोलशास्त्रज्ञांसाठी हे प्रमाण वर्षाला १०५ दिवस-रात्रींच्या आसपास राहिले आहे. उरलेला, म्हणजे सुमारे निम्मा कामाचा वेळ स्वतःच्या संशोधनाचा असतो व तो सान्तियागो शहरातील व्हिताकुरा येथील कार्यालयात व्यतीत होतो.

कागदावर हे विभाजन निम्मे-निम्मे असले, तरी प्रत्यक्षात ते तसे राहणे कठीण जाते. रात्रपाळीवरून परतल्यावर झोपेचे चक्र पूर्ववत होण्यात काही दिवस निघून जातात. पुढील नोकरीसाठीच्या स्पर्धेत मात्र अधिछात्राची गणती मुख्यतः त्याच्या शोधनिबंधांवरून होते. त्याने इतरांसाठी किती रात्री जागवल्या यावरून नव्हे. सेवा पद्धतीत घेतलेल्या निरीक्षणांवर आधारित निबंधांत ती घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव बहुधा लेखक म्हणून येत नाही. ऋणनिर्देशात पारानालच्या कर्मचाऱ्यांचे सामूहिक आभार मानलेले असतात. दुसऱ्या बाजूस, उपकरणांचे इतके जवळून मिळणारे ज्ञान विद्यापीठांतील फार थोड्या संशोधकांना लाभते. आणि आपल्या प्रस्तावात काय शक्य आहे व काय नाही, हे असा अधिछात्र इतरांहून नेमकेपणे जाणतो.

संस्थेची कामकाजाची भाषा इंग्लिश असली, तरी डोंगरावरील दैनंदिन व्यवहार बव्हंशी स्पॅनिशमध्ये चालतो. नव्याने आलेले खगोलशास्त्रज्ञ लवकरच कामापुरती स्पॅनिश शिकतात.

पाळीचे स्वरूप

पाळीवर जाणारे खगोलशास्त्रज्ञ सान्तियागोहून विमानाने अँतोफागास्ता येथे येतात आणि तेथून बसने वाळवंटातून सुमारे दोन तासांचा प्रवास करून वेधशाळेत पोहोचतात. आठ दिवस डोंगरावर व त्यानंतर सहा दिवस सुट्टी हा पाळीचा एक रूढ साचा आहे.

दिवसपाळीचा खगोलशास्त्रज्ञ आदल्या रात्रीची अंशनचित्रे (उपकरणाचे मोजमाप पडताळण्यासाठी घेतलेल्या दिव्यांच्या वा रिकाम्या प्रतिमा) तपासतो आणि उपकरण रात्रीसाठी सज्ज असल्याची खात्री करतो. बिघाड असल्यास अभियंत्यांशी बोलून दुरुस्तीही मार्गी लावतो. दुपारी उशिरा रात्रपाळीची मंडळी उठतात. सूर्यास्तापूर्वी घुमट उघडून आतील व बाहेरील हवेचे तापमान समान होऊ दिले जाते. तसे न केल्यास घुमटातील उष्ण हवाच प्रतिमा बिघडवते. संधिप्रकाशात आकाशाच्या समान उजेडाची चित्रे घेतली जातात. त्यासाठी उपलब्ध असणारा वेळ काही मिनिटांचाच असतो. आकाश फार उजळ असले तर संवेदक संपृक्त होतो आणि फार काळोख झाला तर चित्रात तारे उमटू लागतात.

निरीक्षणे दुर्बिणीपाशी बसून घेतली जात नाहीत. सर्व दुर्बिणींचे नियंत्रण माथ्यापासून थोड्या खाली असलेल्या एकाच नियंत्रण कक्षातून होते. प्रत्येक दुर्बिणीसाठी पडद्यांची एक रांग, एक चालक व एक खगोलशास्त्रज्ञ अशी सर्वसाधारण मांडणी असते. नेत्रभिंगाला डोळा लावून बसलेला खगोलशास्त्रज्ञ ही लोकांच्या मनातील प्रतिमा येथे कोठेही आढळत नाही. पूर्वी परिस्थिती वेगळी होती. पालोमार येथील पाच मीटरच्या दुर्बिणीत निरीक्षक नळीच्या वरच्या टोकाशी, मुख्य नाभीजवळच्या पिंजऱ्यात रात्र रात्र बसून काचेच्या छायापट्टीवर प्रकाश साठवत असे. थंडीत हालचाल न करता मार्गदर्शक तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवणे हाच तेव्हा कौशल्याचा मोठा भाग होता.

आजचे कौशल्य निर्णयाचे आहे. समजा, सीइंग ०.६ विकला असताना दूरच्या दीर्घिकेचा तासाभराचा वर्णपट सुरू केला आणि वीस मिनिटांनी ते ०.९ झाले. प्रस्तावकाने कमाल मर्यादा ०.८ दिली आहे. निरीक्षण थांबवावे, तर वीस मिनिटे वाया जातात. चालू ठेवावे, तर हवा पुन्हा सुधारेलच असे नाही. सोबत दुसऱ्या एका कार्यक्रमाचे लक्ष्य पश्चिमेस मावळू लागलेले असते आणि या कालखंडात ते पुन्हा योग्य स्थितीत येणार नसते. अशा वेळी खगोलशास्त्रज्ञ वाऱ्याची दिशा, गेल्या तासाभरातील कल आणि रांगेतील खंडांच्या श्रेणी पाहून ठरवतो. पूर्ण झालेल्या प्रत्येक खंडाला तो प्रत देतो. 'अ' म्हणजे सर्व अटींत बसलेला. 'ब' म्हणजे अटींचे किंचित उल्लंघन झालेला, पण ग्राह्य. 'क' म्हणजे अटींबाहेर गेलेला व पुन्हा घ्यावयाचा. आणि 'ड' म्हणजे अटींबाहेर गेलेला, पण पुन्हा न घेतला जाणारा. कारणे रात्रीच्या नोंदवहीत लिहावी लागतात. प्रस्तावकाला ही नोंद उपलब्ध असल्याने निर्णयाचे उत्तरदायित्व स्पष्ट राहते.

काही मर्यादांबाबत मात्र निर्णयाला वाव नसतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला १२ मीटरच्या वर गेला की दुर्बीण वाऱ्याच्या दिशेला रोखता येत नाही, आणि १८ मीटरच्या वर गेला की घुमट बंद करावा लागतो. आर्द्रता वाढून आरशावर दव साचण्याचा धोका निर्माण झाला तरी तेच करावे लागते. आकाश चकचकीत स्वच्छ असूनही केवळ वाऱ्यामुळे बंद घुमटाखाली काढलेली रात्र ही निरीक्षकांच्या दृष्टीने ढगाळ रात्रीपेक्षा अधिक कष्टदायक मानली जाते.

जूनमध्ये सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेरा तासांहून अधिक काळ जातो, तर डिसेंबरमध्ये साधारण साडेदहा तास. हिवाळ्यातील पाळी त्यामुळे अधिक थकवणारी असते.

तातडीची निरीक्षणे

काही घटना पूर्वसूचना देत नाहीत. गॅमा किरण स्फोट, नवतारे, नुकताच लक्षात आलेला पृथ्वीजवळचा लघुग्रह अशा प्रसंगी चालू असलेले निरीक्षण थांबवून दुर्बीण नव्या लक्ष्याकडे वळवण्याचा अधिकार काही मंजूर कार्यक्रमांना असतो. सर्वांत जलद प्रकारात उपग्रहाकडून आलेल्या इशाऱ्यानंतर दुर्बीण काही मिनिटांत नव्या दिशेला रोखली जाऊ शकते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो व व्हर्गो या गुरुत्वीय लहरी शोधकांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा संकेत टिपला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्याचा दृश्य प्रतिरूप सापडताच पारानालच्या दुर्बिणींवर त्याचा पाठपुरावा सुरू झाला. सूर्यास्तानंतर ते लक्ष्य पश्चिमेस अल्पकाळच दिसत असल्यामुळे प्रत्येक संध्याकाळी थोडाच वेळ मिळत होता. व्हीएलटीवरील 'एक्स-शूटर' वर्णपटमापकाने अनेक दिवस घेतलेल्या वर्णपटांतून ते द्रव्य निळ्याकडून वेगाने तांबड्याकडे झुकत गेल्याचे दिसले. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा विलीनीकरणात तयार होतात या कल्पनेला त्यामुळे बळकट आधार मिळाला.

महत्त्वाचे शोध

येपून दुर्बिणीवर २००४ मध्ये २एम१२०७ या तपकिरी बटूभोवतीच्या सोबत्याचे चित्र घेण्यात आले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचे ते पहिले प्रत्यक्ष चित्र मानले जाते.

आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा ला सिया व पारानाल येथून दशकानुदशके चाललेला वेध हे दीर्घकालीन निरीक्षणाचे उत्तम उदाहरण आहे. 'एस२' हा तारा केंद्रातील अदृश्य वस्तूभोवती सुमारे १६ वर्षांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा 'ग्रॅव्हिटी' या उपकरणाने चारही दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून त्याचा मार्ग नोंदवला. सूर्याच्या सुमारे चाळीस लक्ष पट वस्तुमानाचे कृष्णविवर तेथे असल्याचे या व केक दुर्बिणींवरील समांतर कामातून निश्चित झाले. त्यासाठी राइनहार्ड गेंत्सेल व अँड्रिया गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा रॉजर पेनरोज यांना देण्यात आला. अशा कामात एखाद्या वर्षीचे निरीक्षण चुकले, तर कक्षेचा तो तुकडा भरून काढण्यासाठी पुढील प्रदक्षिणेची वाट पाहावी लागते.

निवास व दैनंदिन जीवन

वेधशाळेत राहणाऱ्यांसाठी २००२ मध्ये 'रेसिदेन्सिया' ही वसतिवास्तू सुरू झाली. आउअर व वेबर या जर्मन वास्तुविशारद संस्थेने तिची रचना केली. शंभराहून अधिक खोल्यांची ही इमारत डोंगराच्या नैसर्गिक खोलगट जागेत, बरीचशी जमिनीखाली बांधलेली आहे. मध्यभागी ३५ मीटर व्यासाच्या अर्धपारदर्शक घुमटाखाली बाग व जलतरण तलाव आहे. तलाव चैनीसाठी असावा असा पाहुण्यांचा समज होतो. प्रत्यक्षात, बाहेरच्या अतिकोरड्या हवेत ओठ व नाकाची त्वचा फुटू लागते. त्यामुळे आतील आर्द्रता वाढवणे हाही त्याचा एक उद्देश आहे. सूर्यास्त होताच घुमटाखालील व खिडक्यांचे पडदे ओढले जातात, जेणेकरून प्रकाशाचा कवडसाही बाहेर पडू नये. याच कारणाने रात्री माथ्याकडील रस्त्यावर वाहने पुढचे मोठे दिवे न लावता चालवतात. २००८ च्या 'क्वांटम ऑफ सोलेस' या जेम्स बाँड चित्रपटात ही इमारत खलनायकाच्या हॉटेलच्या रूपात दिसते.

पाणी टँकरने आणले जाते. वीज दीर्घकाळ वेधशाळेच्या स्वतःच्या जनित्रांवर निर्माण होत असे; २०१७ च्या अखेरीस ती राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडली गेली.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ साथीमुळे वैज्ञानिक निरीक्षणे थांबवून डोंगरावर केवळ देखभालीपुरते कर्मचारी ठेवण्यात आले. काही महिन्यांनंतर मर्यादित प्रमाणात काम पुन्हा सुरू झाले. अभ्यागतांनी प्रत्यक्ष न येता दूरस्थपणे निरीक्षणात सहभागी होण्याचे प्रमाण त्या काळात वाढले.

निरीक्षकाच्या उपस्थितीचा प्रश्न

सेवा पद्धतीमुळे उत्तम आकाश उत्तम प्रश्नासाठी वापरले जाते व प्रवासाचा खर्चही वाचतो, हे सर्वमान्य आहे. तथापि तिच्यामुळे दुर्बीण कधीही न पाहिलेल्या निरीक्षकीय खगोलशास्त्रज्ञांची पिढी तयार होत आहे, अशी चिंता व्यक्त होते. उपकरणाच्या खोडी, संवेदकावरील डाग, वाऱ्याने हललेली प्रतिमा या गोष्टी विदेत कशा दिसतात, हे नियंत्रण कक्षात बसल्यावर सहज कळते. संग्रहातून उतरवलेल्या फायलींत ते शोधत बसावे लागते. विद्यार्थ्यांना निदान एकदा डोंगरावर जाता यावे यासाठी अभ्यागत पद्धती पूर्णपणे बंद करू नये, असा आग्रह त्यामुळे धरला जातो.

आकाशाचा काळोख

पारानालचे सर्वांत मौल्यवान साधन तेथील काळोख हे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एका वीज कंपनीने वेधशाळेपासून काही किलोमीटर अंतरावर हरित हायड्रोजन निर्मितीचा, तीन हजारांहून अधिक हेक्टरांवरचा प्रकल्प पर्यावरणीय परवानगीसाठी सादर केला. ईएसओने जानेवारी २०२५ मध्ये त्याला जाहीर आक्षेप घेतला. त्यानंतर मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, व्हीएलटीच्या स्थळी प्रकाशप्रदूषण किमान ३५ टक्क्यांनी वाढेल असा संस्थेचा अंदाज होता. धूळ, कंपने आणि हवेतील खळबळ यांचाही त्यात विचार केलेला होता. हवामानबदलावरील उपाय म्हणून पुढे आलेला उद्योग आणि मूलभूत विज्ञान यांत हा संघर्ष उभा राहिल्याने चिलीतील जनमतात त्याची बरीच चर्चा झाली. पारानालपासून सुमारे वीस किलोमीटरवरील सेरो आर्मासोनेस येथे ३९ मीटर व्यासाची 'एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप' ही दुर्बीण बांधली जात असल्याने या प्रश्नाचे गांभीर्य अधिकच वाढले.

भारतीय संदर्भ

भारत ईएसओचा सदस्य नाही. मात्र सदस्येतर देशांतील संशोधकांनाही प्रस्ताव पाठवता येतो आणि साधारणतः एका वर्षाच्या राखीव मुदतीनंतर निरीक्षणांची विदा सार्वजनिक संग्रहात सर्वांना विनामूल्य खुली होते. मोठ्या दुर्बिणीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा संग्रह संशोधनाचे महत्त्वाचे साधन आहे.

पुण्यातील आयुका ही संस्था दक्षिण आफ्रिकेतील सदरलँड येथील 'सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप' (साल्ट) या दुर्बिणीची भागीदार आहे. तेथील सर्व निरीक्षणे सेवा पद्धतीनेच घेतली जातात. त्यामुळे पुण्यातील खगोलशास्त्रज्ञाने मागितलेला वर्णपट सदरलँडच्या रात्रपाळीवरील सहकारी घेतो व विदा संगणकजाळ्यावरून पुण्याला येते. परदेशी वेधशाळांत काम केलेल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञांत श्रीनिवास कुलकर्णी यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. कुरुंदवाड येथे जन्मलेले कुलकर्णी १९८२ मध्ये प्वेर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीने पहिला मिलिसेकंद स्पंदक शोधणाऱ्या गटात होते व पुढे ते कॅल्टेकच्या प्रकाशीय वेधशाळांचे संचालक झाले.

उलट दिशेची वाहतूकही आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीसाठी (जीएमआरटी) जगभरातून प्रस्ताव येतात आणि युरोपातील खगोलशास्त्रज्ञांची निरीक्षणे तेथील चालक नारायणगावजवळच्या नियंत्रण कक्षातून घेतात. ती दुर्बीण रेडिओ लहरींवर चालत असल्यामुळे खोडदला रात्रीच्या काळोखाची आवश्यकता नसते. तेथील निरीक्षणांना बाधा येते ती मोबाइल मनोऱ्यांची व विजेच्या तारांतील ठिणग्यांची.